‘ते कलम तसंही रद्द होणार आहे’ असं सांगून घेतलेली सही

टेक्सासमध्ये नर्स प्रॅक्टिशनरची (एनपी, म्हणजे पुढचं शिक्षण घेऊन रुग्ण तपासणारी आणि औषधं लिहून देणारी नर्स) नोकरी शोधणाऱ्या आपल्या मराठी मुलींसाठी हे मुद्दाम लिहितेय. महाराष्ट्रात नर्सिंग करून इकडे आलेल्या आणि पुढे शिकून एनपी झालेल्या कितीतरी जणी ओळखीच्या आहेत. माझं जे झालं ते त्यांच्यापैकी कोणाचंही होऊ नये.

2024 च्या मे महिन्यात ह्यूस्टनच्या उपनगरातल्या एका खासगी क्लिनिकने मला ऑफर दिली. करारात नॉन-कंपीट होतं: नोकरी सोडल्यावर दोन वर्षं, पंधरा मैलांच्या आत कुठेही काम करायचं नाही. मी ते काढा म्हटलं. मॅनेजरबाई अगदी गोड बोलल्या, "अगं, फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिलमध्येच नियम केलाय. सप्टेंबरपासून असली कलमं रद्दच. छापील फॉर्ममध्ये आहे म्हणून राहिलंय." अमेरिकी सरकारच्या या व्यापार आयोगाचा नियम खरंच झाला होता, बातमी सगळीकडे होती. पण त्याला कोर्टात आव्हान दिलेलं आहे, हे बाईंनी सोयीस्करपणे गाळलं. 20 ऑगस्टला डॅलसच्या फेडरल कोर्टाने तो नियम लागू होण्याआधीच उडवला. माझ्या करारातलं कलम मात्र तसंच उभं राहिलं.

दुसरी गोष्ट याहून वाईट. मालप्रॅक्टिस विमा, म्हणजे उपचारात चूक झाल्याचा दावा रुग्णाने लावला तर संरक्षण देणारा विमा, दोन तऱ्हांचा असतो. ‘ऑकरन्स’ प्रकारात घटना पॉलिसीच्या काळात घडली की दावा पुढे कधीही येवो, संरक्षण मिळतं. ‘क्लेम्स-मेड’मध्ये दावासुद्धा पॉलिसी चालू असतानाच यावा लागतो. म्हणून नोकरी सोडताना ‘टेल’, म्हणजे पॉलिसी संपल्यावर येणाऱ्या दाव्यांसाठीचं वाढीव संरक्षण, विकत घ्यावा लागतो, आणि तो बहुधा वार्षिक हप्त्याच्या दीड-दोन पट तरी पडतो. इथे सज्ञान रुग्णाला दावा लावायला साधारण 2 वर्षं मिळतात, त्यामुळे टेलशिवाय राहणं म्हणजे उघड्यावर राहणं. फोनवर ठरलं की टेलचा खर्च क्लिनिक करणार. मेलने आलेल्या मसुद्यात तसं वाक्यही होतं. मग शुक्रवारी संध्याकाळी ऑनलाइन सहीची प्रत आली, सोबत निरोप: "फक्त पगार आणि रुजू होण्याची तारीख भरली आहे, बाकी तेच." बाकी तेच नव्हतं. टेलच्या वाक्यात ‘नियोक्ता’च्या जागी ‘कर्मचारी’ आला होता. एक शब्द! चुकून झालं असेल, यावर माझा आजही विश्वास नाही.

पुढच्या वर्षी मी नोकरी सोडली तेव्हा टेलचं बिल माझ्या हातात आलं. त्यातच नॉन-कंपीटवर बोट ठेवणारं क्लिनिकच्या वकिलाचं पत्र माझ्या नव्या नोकरीच्या ठिकाणी गेलं आणि त्यांनी घाबरून ऑफर मागे घेतली. मॅनेजरबाई म्हणाल्या, फोनवर काय बोलले ते आठवत नाही. तोंडी बोलण्याला ‘हाच संपूर्ण करार आहे’ या शेवटच्या पानावरच्या कलमाने आधीच निकालात काढलेलं होतं. मेलमधला मसुदा जपून ठेवला होता म्हणून माझ्या वकिलाने टेलचा अर्धा खर्च तरी वसूल केला. हुकलेली नोकरी गेली ती गेलीच.

तेव्हा सहीची प्रत आली की वर्डमध्ये मसुद्याशी ताडून बघा; दोन फाइल्समधला फरक दाखवण्याची सोय त्यात आहे. कोणी घाई केली तर सोमवारपर्यंत मुदत मागा, आणि एम्प्लॉयमेंटचं काम करणाऱ्या वकिलाला पूर्ण करार वाचायला द्या. फोनवर काही कबूल झालं की त्याच दिवशी मेल टाका: "आज आपलं असं ठरलं." विम्याचा प्रकार, टेल कोणाचा, विनाकारण काढल्यास नोटीस किती दिवसांची, हे सगळं करारातच लिहून घ्या.

आणखी एक. टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2025 पासून केलेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या करारांत नर्सेसवरचं नॉन-कंपीट जास्तीत जास्त 1 वर्ष आणि 5 मैलांपुरतंच ठेवता येतं, आणि पैसे भरून त्यातून सुटायचं तर नियोक्त्याने मागायची रक्कम वर्षाच्या पगारापेक्षा जास्त असू शकत नाही. त्याआधीच्या करारांना हे लागू नाही. तुमचा करार जुना असेल तर नूतनीकरणाची तारीख आजच काढून बघा.