स्टील की सॉफ्ट? बारमधल्या डार्ट्स लीगला नाव देण्याआधी

मंडळाच्या पिकनिकला दरवर्षी कोणीतरी नवीन आलेलं विचारतंच, "ताई, तुम्ही मंगळवारी डार्ट्स खेळता ना? मलाही घ्या की टीममध्ये." मी लगेच हो म्हणत नाही. शिकागोच्या उपनगरांत डार्ट्स लीग या एकाच नावाखाली दोन वेगळे खेळ चालतात: मशीनवरचा सॉफ्ट-टिप आणि काथ्याच्या बोर्डावरचा स्टील-टिप. चुकीच्या लीगमध्ये शिरलेला माणूस चार आठवड्यांत गळतो आणि टीमला ऐन हंगामात खेळाडू शोधत फिरावं लागतं.

मी स्वतः अठरा वर्षं खेळते आहे. पहिली सहा फक्त मशीनवर, नंतर दोन्ही. दर्जा मधला. लीगच्या सामन्यात 180, म्हणजे तीन डार्टांत जास्तीत जास्त होणारे गुण, आजवर तीनदा लागलेत, तिन्हींच्या तारखा पाठ आहेत, यावरून काय ते समजा.

आमच्या भागात बहुतेक बारमध्ये दिसेल ते मशीन, म्हणजे सॉफ्ट-टिप. प्लास्टिकची टोकं, भोकाभोकांचा बोर्ड, वर स्क्रीन. या मशीनच्या सुरुवातीच्या कंपन्यांपैकी अरॅक्निड आमच्याच राज्यातल्या रॉकफर्डची, त्यामुळे इकडे त्यांचा सुळसुळाट आहे. स्टील-टिपचा बोर्ड सिसलच्या काथ्याचा, इंग्लंडच्या पबमधला, टीव्हीवर ल्यूक लिटलर ज्यावर खेळतो तो. त्याची लीग शोधावी लागते. मला पस्तीस मिनिटं गाडी चालवावी लागते, आणि जानेवारीतल्या बर्फात ती पाऊण तासाच्या पुढे जातात.

मापं जवळजवळ सारखी, पण फसवी. बुल, म्हणजे बोर्डाचा मधला ठिपका, दोन्हीकडे जमिनीपासून 5 फूट 8 इंच. फेकायची रेघ स्टीलला 7 फूट 9¼ इंचांवर, मशीनला बहुतेक ठिकाणी 8 फुटांवर. रेघ लांब असूनही मशीन सोपं जातं, कारण त्याचा खेळायचा गोल साडेपंधरा इंचांचा असतो; काथ्याच्या बोर्डावर डबलचं (दुप्पट गुणांचं) बाहेरचं कडं धरूनही तो साडेतेरा भरत नाही. शिवाय मशीनच्या 501 मध्ये (501 वरून गुण वजा करत शून्यावर यायचं, तो खेळ) बऱ्याच लीग अख्खा बुल 50 धरतात. स्टीलवर बाहेरचा 25, आतला 50, आणि शेवट डबलवरच. नवशिक्या माणसाला मशीनवर पहिल्याच रात्री दोन-तीन गेम जिंकता येतात. स्टीलवर मी पहिल्या हंगामात डबल शोधत उभी असायची आणि समोरचा माणूस सहानुभूतीनं आपल्या ग्लासात बघायचा.

पण खरा फरक बोर्डाचा नाही, हिशेबाचा आहे.

मशीन सगळं मोजतं. किती लागले, किती उरले, काही मशीनं तर कशानं संपवायचं तेही स्क्रीनवर दाखवतात. तुम्ही फेकायचं, डार्ट काढायचे, लाल बटण दाबायचं आणि टेबलावर येऊन बसायचं. स्टीलला हिशेब माणूस ठेवतो, आणि तो माणूस पाळीपाळीनं तुम्हीच. नाव चॉकिंग, हातात हल्ली मार्कर. बोर्डाच्या शेजारी, तोंड बोर्डाकडे करून, मान न हलवता उभं राहायचं. समोरच्यानं 227 वरून ट्रिपल 20 (20 ची तिप्पट), साधा 20 आणि 5 मारले, की पंच्याऐंशी लिहायचे, बाकी 142. डार्ट काढून तो रेघेपर्यंत परत जाईतो हे फळ्यावर आलं पाहिजे. त्यानं विचारलं तर किती उरले हे सांगायचं. कशानं संपवायचं हे सांगायचं नाही, तो नियमभंग.

पहिल्या रात्री माझा हात थरथरत होता. चाळीस माणसांसमोर वजाबाकी! मग कोणीतरी 57 मारले आणि तोंडातून आपोआप निघालं, "एकोणीस त्रिक सत्तावन्न." आजूबाजूला शांतता. पण त्या दिवसापासून आमच्या टीममधले गोरे अमेरिकन काका अडले की माझ्याकडे बघतात. तीसपर्यंतचे पाढे घोकून घेणाऱ्या बाई आता नाहीत, पण त्यांच्या छडीचं चीज इलिनॉयमधल्या एका बारमध्ये झालं हे त्यांना कळायला हवं होतं. अठरा त्रिक चोपन्न, सतरा त्रिक एक्कावन्न: अर्धा खेळ तिथेच आहे. 32 उरवायला सगळे का धडपडतात तेही फळ्याजवळ उभं राहूनच कळतं. सोळा दुणे बत्तीस. चुकून साधा 16 लागला तर उरतात 16, म्हणजे डबल 8, मग 8, 4, 2. चुकलात तरी दर वेळी निम्म्यावर डबल तयार.

आणि चॉकिंगमुळे ओळखी होतात. मशीनच्या लीगमध्ये मी दोन हंगाम एका टीमविरुद्ध खेळले आणि त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नव्हतं; स्क्रीनवर टोपणनावं होती, झालं.

तरीही मशीनच्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे: हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी सूट. तुमची सरासरी मशीनकडे असते, त्यामुळे दहा वर्षं खेळलेल्यासमोरही तुम्हाला आधार मिळतो. नवरा-बायकोनं एकत्र खेळायचं असेल आणि एकाचाच हात बसलेला असेल, तर मी डोळे झाकून मशीन सांगते. (सरासरी खाली राहावी म्हणून मुद्दाम वाईट खेळणारे महाभागही असतात. ओळखू येतात: ऐन फायनलला त्यांचा हात अचानक सुधारतो.) स्टीलच्या लीगमध्ये जास्तीत जास्त वरचा-खालचा गट असतो, एकदा गटात पडलात की हरत हरत शिकायचं.

तक्रारी दोन्हीकडे. स्टीलवर डार्ट खान्यांमधल्या तारेवर आपटून खाली पडला की शून्य, आणि टोक बुटाच्या दिशेनं येतं, म्हणून चपला घालून जाऊ नका. मशीनवर नोंद झाली की डार्ट पडला तरी गुण मिळतात, पण कधी कधी डार्ट ट्रिपलमध्ये घट्ट रुतलेला असतो आणि मशीन ढिम्म. आमच्या लीगमध्ये तेही शून्यच. वाद घालायला समोर माणूस नसतो, हे फार लागतं.

खर्च फारसा वेगळा नाही. खरा खर्च पिण्याचा. इथे गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलला 0.08 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि व्हिसावर असाल तर दारू पिऊन गाडी चालवल्याची नुसती अटकसुद्धा व्हिसा रद्द व्हायला पुरते. मी सोडा-लिंबू घेते. कोणी काही म्हणत नाही. सिगरेटचा धूरही 2008 पासून नाही, तो धाक मनात असेल तर काढून टाका.

म्हणून माझं मत: मंगळवारी चार मित्रांबरोबर हसतखेळत वेळ घालवायचा असेल तर मशीन, आणि त्यात कमीपणा काही नाही. एकटे आला असाल, या गावात आपलं म्हणावं असं कोणी नसेल, तर लांब पडलं तरी स्टील. फळ्यापाशी उभं राहिलेल्या माणसाचं नाव सगळ्यांना विचारावंच लागतं.

ठरत नसेल तर 18 ग्रॅमचा सॉफ्ट-टिप सेट घ्या आणि सोबत स्टीलचे कन्व्हर्जन पॉइंट. प्लास्टिकचं टोक फिरवून काढायचं, लोखंडी बसवायचं, एका सेटवर दोन्ही लीग बघून होतात. फक्त मशीनसमोर उभं राहण्याआधी टोक तपासा. मी एकदा विसरले. डार्ट सेगमेंट फोडून आत गेला, बारमालक पाना घेऊन आला, आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्या मशीनवर माझ्या नावाची चिठ्ठी होती: हिची टोकं आधी बघा.