भाड्याच्या पुस्तकांचं दुकान झकास, खरं पानं मोजून घ्या

तेहतीस वर्षं बारच्या काउंटरवर काढली. नऊ निपाणीत, बाकीची बेळगावात. रिटायर झालो तसा वेळ जाईना, म्हणून शहापूरकडच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात बसायला लागलो. दुकान कसलं, जुन्या घराचा सोपाच. नाव लिहीत नाही, मालकानंच नको म्हटलंय. "मामा, गर्दी झाली तर चहा पुरायचा नाही."

अनामत २०० रुपये, पुस्तकामागं आठवड्याला १० रुपये. कन्नड, मराठी, इंग्रजी एकाच ढिगात. वहीत माझं आडनाव दर वेळी नव्या पद्धतीनं लिहिलं जातं. पावसाळ्यात कुबट वास मारतो.

आता मी नेलेलं पुस्तक. जाड इंग्रजी, पुठ्ठा निखळलेला, नावाचं पान गायब. विषय एकोणिसाव्या शतकातल्या शिकागोचे सलूनवाले. सलून म्हणजे तिकडं दारूचं दुकान. आमच्या मालकानं ते ब्यूटी पार्लरच्या पुस्तकांत लावलं होतं.

आठ दिवस खाली ठेवलं नाही. मायकेल मॅकडोनाल्ड म्हणून एक होता. त्यानं १८७३ मध्ये क्लार्क रस्त्याच्या कोपऱ्यावर चार मजली 'द स्टोअर' काढलं. खाली दारू, वर जुगार, त्याच्यावर बायकोची खानावळ आणि लॉज. हरलेला गडी जिना चढून झोपणार, सकाळी जिना उतरून परत डावावर. मायकेल केना दुसरा, उंचीला एवढासा म्हणून 'हिंकी डिंक'. त्याच्याकडं पाच सेंटाला भला मोठा ग्लास, बेघरांना आसरा. १८९७ मध्ये नगरसेवक झाला. मतं कुठली ते बारवाल्याला सांगायला नको.

बिअर घ्या, जेवण फुकट, ही तिथली रीत. लेखक त्याला गरिबाची सोय म्हणतो. मला हसू आलं. ताटात काय? खारवलेलं मांस, खारे मासे, लोणच्यातल्या काकड्या. आमच्याकडं फुटाण्यांना मिठाचं पाणी जरा जास्त मारायला मीच सांगायचो. चार दाणे तोंडात पडले की जीभ ओढते, आणि हात पाण्याच्या तांब्याकडं जात नाही. फुकटचा चकणा कधीच फुकट नसतो की ओ!

लेखक खून-मारामाऱ्या खूप रंगवतो. खरं मी अडकलो एका आकड्यावर. १८८३ मध्ये लायसन वर्षाला ५०० डॉलर झालं. किरकोळ दुकानदार कुठनं आणणार? बिअर कंपनीनं भरले, काउंटर दिला, आरसे दिले. अट एकच, आमचीच बिअर विकायची. एका चौकात तीन-चार दुकानं झाल्यावर नुसत्या बिअरवर ते फिटेना. मग मागच्या खोलीत पत्ते, माडीवर बायका, पोलिसाला पाकीट. सगळ्या भानगडींचं मूळ मला त्या ५०० डॉलरांतच दिसतं. आमच्याकडं जून संपत आला, लायसन रिन्यूअलची वेळ झाली, की मालक गल्ल्यासमोर येरझाऱ्या घालायचा आणि पेग मापताना माझ्या हाताकडं बघायचा. माप थोडं अलीकडंच थांबावं, असं ते बघणं.

मिकी फिन मात्र निव्वळ हलकट. १८९६ पासून त्याचं दुकान स्टेट रस्त्यावर. गिऱ्हाइकाच्या ग्लासात गुंगीचं औषध, मग मागच्या खोलीत खिसे साफ, अंगावरचे चांगले कपडेही काढून घ्यायचे आणि गड्याला गल्लीत टाकायचं. गुंगीच्या पेयाला इंग्रजीत आजही त्याचंच नाव आहे. त्याच्याकडं कामाला असलेली बाई साक्षीला उभी राहिली, आणि तिथंच घोटाळा. पान २१२ नंतर एकदम २२९! डिसेंबर १९०३ मध्ये दुकान बंद पडलं एवढं पुढं कळतं, खरं बाई बोलली काय, ते गेलंच.

तक्रार केली तर मालक शांतपणे म्हणतो, "रद्दीतनं आलंय मामा, कुणीतरी भडंग बांधलं असेल." तरी त्या आठवड्याचे १० रुपये परत दिले, हे सांगायला पाहिजे. पाचातले साडेतीन तारे. अर्धा तारा चहाचा.

पुस्तक शेवटी विकतच मागितलं. ८० म्हणाला, ६० ला दिलं, आणि पुठ्ठा बांधायला वर सुतळीचा तुकडा.