घरचा मुखवटा, रस्त्यावरचा मार: चारपैकी आधी कोणता सिनेमा बघावा?

अंगात कसलीही शक्ती नाही, बापाची गडगंज इस्टेट नाही, पाठीशी कुठली संघटना नाही. साधा माणूस, घरात सापडेल त्यातून वेश तयार करतो आणि अन्यायाशी दोन हात करायला रात्री रस्त्यावर उतरतो. या एका कल्पनेवर २००९ आणि २०१० या दोन वर्षांत तीन इंग्रजी सिनेमे आले: ‘डिफेंडॉर’, ‘किक-ॲस’ आणि ‘सुपर’. २०१८ मध्ये विक्रमादित्य मोटवानेंनी तीच कल्पना मुंबईत आणली, ‘भावेश जोशी सुपरहिरो’. कथासूत्र ऐकून चारही सारखेच वाटतात. प्रत्यक्षात चौघांचे स्वभाव इतके वेगळे आहेत की चुकीच्या मूडमध्ये चुकीचा लावला तर अर्ध्यात बंद कराल, आणि उरलेल्या तिघांच्या वाटेला पुन्हा जाणार नाही. म्हणून हा आढावा.

अशा सिनेमात मी एकच गोष्ट आधी बघतो: माराचं पुढे काय होतं? शक्तीवाल्या सुपरहिरोला मार लागत नाही. घरगुती सुपरहिरोला लागतो. त्याची हाडं मोडतात आणि त्याच्या हातून दुसऱ्याचीही मोडतात. त्या मोडलेल्या हाडांचा हिशेब सिनेमा ठेवतो की नाही, यावर माझं सगळं मत ठरतं.

‘किक-ॲस’ हा हिशेब सुरुवातीला चोख ठेवतो. मार्क मिलर आणि जॉन रोमिटा ज्युनियर यांच्या कॉमिकवर मॅथ्यू वॉन यांनी केलेला हा सिनेमा. न्यूयॉर्कमधला डेव्ह हा शाळकरी मुलगा ऑनलाइन हिरवा वेटसूट मागवतो, आरशासमोर पोझ घेतो आणि पहिल्याच खेपेला दोन गाडीचोरांना अडवायला जातो. पोटात सुरा बसतो. लडखडत रस्त्यावर येतो तर एक गाडी उडवून निघून जाते. हसत बघता बघता घशाशी आवंढा यावा असा तो प्रसंग आहे. हाडं पट्ट्यांनी जोडून मुलगा घरी येतो आणि पुन्हा तोच सूट चढवतो. पुढे एका खानावळीबाहेर तिघे मिळून एकाला बडवत असतात, तेव्हा हा मध्ये पडतो. धड लढताही येत नाही, तरी त्या पडलेल्या माणसासमोरून हलत नाही. आतले गिऱ्हाईक काचेतून मोबाइलवर चित्रण करत राहतात. सगळे नुसते बघत असताना वेडा मी कसा, असा त्याचा सवाल आहे. या प्रकारच्या सिनेमांचं सगळं मर्म त्या दोन मिनिटांत आहे.

त्यानंतर मात्र सिनेमा निकोलस केजचा माजी पोलीस आणि त्याची अकरा वर्षांची मुलगी हिट-गर्ल यांच्या ताब्यात जातो. दोघं वर्षानुवर्षं तयारी केलेले, शस्त्रांनी लदलेले. क्लोई ग्रेस मोरेट्झने ती मुलगी अशी काही रंगवली आहे की नजर हलत नाही. पण एवढी लहान मुलगी शिव्या देत माणसं कापत सुटते आणि कॅमेरा टाळ्या मागतो, हे मला आजही खटकतं. शेवट तर साध्या माणसाची गोष्ट सोडून नेहमीच्या मारधाड सिनेमात शिरतो. वेग, विनोद, संगीत, गच्च भरलेली दोन तास करमणूक हवी असेल तर चौघांत हाच. लहान मुलांना घेऊन बसू नका, पोस्टरवरच्या रंगीत कपड्यांवर जाऊ नका.

‘सुपर’ हा जेम्स गन यांचा, ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’च्या आधीचा, फार थोड्या पैशांत केलेला सिनेमा. खानावळीत आचारी असलेल्या फ्रँकची बायको त्याला सोडून एका ड्रग्जविक्याकडे जाते. फ्रँकला दृष्टान्त होतो, तो लाल कापड आणून मशीनवर पोशाख शिवतो आणि ‘क्रिमझन बोल्ट’ बनतो. हत्यार म्हणून हातात प्लंबरचा पाइप पाना. लेखनाच्या दृष्टीने चौघांत हा सर्वांत धाडसी आहे, आणि बघायला सर्वांत अवघड.

यातला एक प्रसंग सांगायलाच हवा. सिनेमाच्या तिकिटासाठी रांग लागलेली आहे. एकजण मध्येच घुसतो. आपल्या सगळ्यांना अशा वेळी जे वाटतं तेच फ्रँकला वाटतं. तो गाडीकडे जातो, आत अवघडून बसून पोशाख चढवतो, परत येतो आणि त्या माणसाच्या डोक्यात पाना घालतो. रक्त येतं, खरं रक्त. रांगेतले लोक किंचाळतात. क्षणापूर्वी आपण मनातून फ्रँकच्या बाजूने होतो. रांग मोडण्याची शिक्षा फुटलेलं डोकं असावी का? सिनेमा उत्तर देत नाही, पण बघणाऱ्यालाही सुटू देत नाही. फ्रँकच्या मते चांगलं-वाईट याचे नियम कधीचेच ठरलेले आहेत आणि ते बदलत नाहीत. रांग मोडणारा आणि ड्रग्ज विकणारा, दोघे एकाच यादीत. रेन विल्सन हे सगळं इतक्या सरळ चेहऱ्याने करतो की त्याची कीव येते आणि भीतीही वाटते. इलियट पेजने केलेली त्याची जोडीदारीण तर हिंसेला चटावलेली आहे. तिच्या निमित्ताने सिनेमा ज्या वळणांवर जातो तिथे काही प्रेक्षक उठून जातील. उठावंसं वाटणं चूक नाही. टिकलात तर शेवटची काही मिनिटं फार आतवर जातात.

‘डिफेंडॉर’ यांच्या आधी आला आणि सर्वांत कमी बघितला गेला. कॅनडातले अभिनेते पीटर स्टेबिंग्स यांचं हे पहिलं दिग्दर्शन. रस्त्याच्या कामावर राबणारा आर्थर पॉपिंगटन समज थोडी कमी असलेला, एकटा माणूस आहे. रात्री काळे कपडे, छातीवर डक्ट टेपने चिकटवलेला ‘डी’. हत्यारं काय, तर गोट्या, लिंबाचा रस आणि बरणीत भरलेल्या गांधीलमाशा. गोट्या पायाखाली, लिंबू डोळ्यांत, माशा अंगावर. पहिल्यांदा हसू येतं. मग लक्षात येतं की हे सगळं त्याने एकट्याने बसून, नीट विचार करून जमवलंय. पोरगा खेळणी मांडतो तेवढ्या मनापासून.

तो ‘कॅप्टन इंडस्ट्री’ नावाच्या खलनायकाला शोधतोय. लहानपणी आईबद्दल विचारल्यावर आजोबांनी रागाच्या भरात बड्या उद्योगपतींना शिव्या घातल्या, त्या पोराने शब्दशः घेतल्या. त्या गैरसमजावर एक अख्खं आयुष्य उभं आहे, हे कळतं तेव्हा काळजात कळ येते. वुडी हॅरेलसनने आर्थरला कुठेही बावळट केलेलं नाही. मानसोपचारतज्ज्ञ झालेल्या सँड्रा ओच्या समोर तो बसतो ते प्रसंग बघा: ती प्रश्न विचारते, तो प्रामाणिकपणे उत्तर देतो, आणि हळूहळू वेडा कोण याची खात्री वाटेनाशी होते. कामावरचा मुकादमही त्याला सांभाळून घेतो, आणि त्या साध्या माणुसकीवर सिनेमाने वेळ खर्च केलाय. पोलीस आणि गुंडांचं कथानक साधारणच आहे, मारामाऱ्याही कामचलाऊ. पण मार खाऊन परतलेला आर्थर एकटा बसलेला असतो तेव्हा कॅमेरा तिथून निघून जात नाही. माझ्या कसोटीला चौघांत हाच पुरता उतरतो.

आता ‘भावेश जोशी’. बाकी तिघांतला राग व्यक्तिगत आहे, इथला नागरिकाचा आहे. २०११च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनातून बाहेर पडलेली पोरं डोळ्यांना भोकं पाडलेल्या कागदी पिशव्या डोक्यावर घालून इंटरनेटवर ‘इन्साफ टीव्ही’ चालवतात आणि नियम मोडणाऱ्यांना रस्त्यात गाठतात. काही वर्षांनी एकाला परदेशी जायचंय, पासपोर्टसाठी तो पोलिसाला चिरीमिरी देतो. दुसरा, भावेश, अजून पिशवी उतरवायला तयार नाही. ही मैत्री तुटताना दाखवलेला भाग सिनेमातला सर्वोत्तम. भावेश ज्याच्या मागे लागतो तो घोटाळा पाण्याचा आहे: लाइनमधून पाणी ओढायचं, टँकरने त्याच लोकांना विकायचं. नळाला पाणी नाही आणि टँकर मात्र वेळेवर, हे ज्यांनी भोगलंय त्यांना खलनायक समजावून सांगावा लागत नाही.

तक्रार लांबीची आहे. अडीच तासांच्या पुढे जातो, मधला प्रशिक्षणाचा भाग रेंगाळतो आणि मित्राच्या भूमिकेतला हर्षवर्धन कपूर भावेश झालेल्या प्रियांशू पेन्युलीपुढे फिका पडतो. चित्रपटगृहात तो चालला नाही. तरी मोटारसायकलवरचा तो लांब पाठलाग आणि रात्रीची मुंबई यांसाठी मोठ्या पडद्यावर बघायला हवा होता असं वाटत राहतं.

मराठी प्रेक्षकाला इथे आणखी एक धागा सापडेल. या सिनेमातला राजकारणी खलनायक निशिकांत कामत यांनी केलाय, आणि २००५ मध्ये ‘डोंबिवली फास्ट’ त्यांनीच दिग्दर्शित केला होता. संदीप कुलकर्णींचा माधव आपटे, बँकेतला कारकून, मुखवटा न घालता हातात बॅट घेऊन निघाला होता. त्याला वेश सुचलाच नाही, कारण तोंड लपवायचं त्याला कारणच वाटत नव्हतं. भावेशला मात्र कळतं की या शहरात नाव कळलेला माणूस टिकत नाही. दोन्ही सिनेमे लागोपाठच्या संध्याकाळी बघा; मधल्या तेरा वर्षांत सामान्य माणसाची भीती किती वाढली ते दिसेल.

घरच्यांबरोबर बघायचा असेल तर या चौघांत त्यातल्या त्यात ‘भावेश जोशी’च चालेल, तोही कळत्या मुलांसोबत. अगदी हलकं काही हवं असेल तर वासन बाला यांचा ‘मर्द को दर्द नहीं होता’ आहे. वेदनाच न जाणवणारा मुलगा, जुन्या कुंग-फू कॅसेटवर वाढलेला, आणि आजोबांच्या भूमिकेत महेश मांजरेकर. मित्रांचा घोळका जमला असेल तर ‘किक-ॲस’. ‘सुपर’ एकट्याने बघा, आणि दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं नसेल त्या रात्री. एकच संध्याकाळ हातात असेल तर मी ‘डिफेंडॉर’ लावेन.