टस्कनी की पिएमोंते?

ऑक्टोबरात इटलीचा एकच प्रांत बघायचा, तर कुठला? मावसबहिणीचं ठरत नव्हतं.

देखाव्यात मी पिएमोंतेतल्या लांगे भागाला झुकतं माप देईन. द्राक्षमळ्यांच्या टेकड्या आणि हवा स्वच्छ असली की मागे आल्प्स. टस्कनीतल्या व्हाल दोर्चाच्या सायप्रसच्या रांगा फोटोत पाहून पाहून ओळखीच्या झाल्यात.

जेवणात मात्र शाकाहाऱ्याला टस्कनीच सोपी. पिची पास्त्यात बहुधा अंडं नसतं. रिबोलिता म्हणजे पाव, घेवडा नि भाज्यांचं दाट सूप. पिएमोंतेत ताजारिन पास्ता अंड्याच्या बलकाचा, बान्या काउदा या लसणीच्या गरम सॉसमध्ये मासे. तिथल्या आल्बा गावचा पांढरा ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुवासिक बुरशी) अप्रतिम, पण खिसा सांभाळा!

लांगेची बारोलो वाइन किमान 38 महिने मुरवतात, म्हणून महाग. रोजच्या जेवणाला टस्कनीची किआन्ती वाइन पुरते. चालायला टस्कनीत फ्रांचिजेना यात्रामार्ग आहे. खेड्यांत गाडी दोन्हीकडे हवीच.

पहिलीच खेप, शाकाहार, फ्लोरेन्सही बघायचंय: टस्कनी. वाइनचे शौकीन आणि गर्दीचा कंटाळा असलेले: लांगे.