ओठावरची चामखीळ: सुरी, लेझर की गोठवणं?

ओठावर किंवा गालाच्या आत चामखीळ आली की पहिला प्रश्न असतो, ती काढायची कशी? खरं तर चामखीळ कशानेही निघते. ओठ पुन्हा पूर्वीसारखा दिसणं आणि हलणं, हे अवघड. माझ्या मते निवड त्यावरून करावी, आणि आणखी एका गोष्टीवरून: काढलेला तुकडा तपासणीला जाणार आहे का?

एकच, देठावर लोंबणारी चामखीळ असेल तर सुरीला तोड नाही. तेवढ्या जागेला भूल देऊन देठाच्या बुडाशी थोड्या निरोगी कडेसह ती कापतात, एक-दोन टाके घालतात, झालं. अख्खा तुकडा पॅथॉलॉजिस्टच्या हाती पडतो. याचा मी एवढा आग्रह धरते, कारण खरबरीत, पांढुरकी दिसणारी प्रत्येक गाठ चामखीळच असेल असं नाही. व्हेरुकस कार्सिनोमा हा सावकाश वाढणारा कर्करोग दिसायला तसाच असतो.

बऱ्याच चामखिळी पसरल्या असतील तर कार्बन डायऑक्साइड लेझर सरस. पेशींमधलं पाणी त्याचे किरण शोषून घेतं, त्यामुळे वरचा थर वाफ होऊन उडतो आणि बारीक रक्तवाहिन्या जागीच बंद होतात. टाके सहसा लागत नाहीत. पण जे वाफ झालं ते तपासता येत नाही, म्हणून आधी एक तुकडा बायोप्सीला काढून घ्यायला सांगाच. चामखीळ एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे येते, आणि लेझरच्या धुरात या विषाणूचा डीएनए सापडलेला आहे. धूर ओढून घेणारं यंत्र नसेल तिथे लेझर करून घेऊ नये.

उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने गोठवणं लहान चामखिळीला ठीक आहे, पण बऱ्याचदा दोन-तीन खेपा होतात आणि तुकडा हाती लागत नाही. कॉटरीने, म्हणजे विजेच्या उष्णतेने जाळून काढताना, कडा जळतात, तपासणी धूसर होते. ओठाच्या कडेवर मी तरी कॉटरी टाळेन.

कुठल्याही पद्धतीने विषाणू मुळासकट जात नाही. चांगल्या दिसणाऱ्या शेजारच्या त्वचेतही एचपीव्ही असू शकतो, म्हणून चामखीळ परत येते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना जास्तच. उलट एचपीव्हीच्या १३ आणि ३२ या प्रकारांमुळे मुलांच्या तोंडात येणाऱ्या मऊ, चपट्या गाठी पुष्कळदा आपोआप जातात. तिथे निदान पक्कं करून थांबणं हाच उत्तम उपाय.

आता ओठाच्या पुनर्रचनेबद्दल. साध्या चामखिळीला तिची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. गाठ फार मोठी असेल, किंवा तपासणीत कर्करोग निघाला, तरच प्रश्न येतो. फक्त लाल भाग गेला असेल तर आतली ओली त्वचा पुढे ओढून घेतात. ओठाचा साधारण एक तृतीयांशपर्यंत भाग गेला तर व्ही आकारात कापून आतली त्वचा, स्नायू आणि बाहेरची त्वचा असे तीन थर वेगवेगळे शिवतात.

त्याहून जास्त गेला तर खरी निवड असते. १८९८ पासून रूढ असलेल्या अ‍ॅबे फ्लॅप या शस्त्रक्रियेमध्ये समोरच्या ओठाचा तुकडा त्याच्या रक्तवाहिनीसकट फिरवून लावतात. दोन्ही ओठ दोन-तीन आठवडे एका पुलाने जोडलेले राहतात, तोवर पातळ अन्न, मग दुसरी शस्त्रक्रिया. आकार छान येतो, संवेदना मात्र काही महिन्यांनी. कारापान्जिक फ्लॅपमध्ये तोंडाभोवतीचाच भाग मज्जातंतू जपून सरकवतात. एकाच वेळी काम होतं, ओठ हलतो, स्पर्शही कळतो. पण तोंड लहान होतं. कवळी लावणाऱ्याने हे आधीच डॉक्टरांना सांगावं, नाहीतर नंतर कवळी आतच जात नाही.

पद्धत कुठलीही असो, एक गोष्ट नक्की विचारा: भुलीचं इंजेक्शन देण्याआधी लाल ओठ आणि त्वचा यांच्यामधल्या रेषेवर शाईने खुणा करणार का? सुई टोचली की ओठ सुजतो, पांढरा पडतो आणि ती रेषा हरवते. टाक्यात ती एक मिलिमीटर जरी सरकली, तरी समोर बसून बोलणाऱ्याला पायरी दिसते.