सत्ता आणि डावपेचांची पुस्तके: कोकमाच्या एका हंगामानंतरचा अनुभव

गेल्या मार्चपासून या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे एक पूर्ण हंगाम आणि त्यानंतरची विक्री धरून अकरा महिने, मी पाच पुस्तके धंद्यात वापरण्याच्या हेतूने जवळ ठेवली होती. कौटिल्याचे अर्थशास्त्र मराठी भाषांतरात, रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र, सून त्झू यांचे युद्धकलेवरचे तेरा प्रकरणांचे लहानसे पुस्तक, मॅकियाव्हेलीचे ‘प्रिन्स’ आणि रॉबर्ट ग्रीन यांचे १९९८ साली प्रसिद्ध झालेले सत्तेच्या अठ्ठेचाळीस नियमांचे पुस्तक, अशी ती पाच. माझा व्यवसाय मालवण तालुक्यात आहे. रातांब्यांपासून, म्हणजे कोकमाच्या फळांपासून, आगळ (खारवलेला रस), अमसुले आणि सरबताचा अर्क आम्ही तयार करतो. हंगामात अकरा बायका कामाला असतात आणि रातांबे आसपासच्या पाच-सहा वाड्यांतून येतात.

ही पुस्तके हाती घेण्याचे कारण एक थकलेले बिल होते. मुंबईचा एक घाऊक खरेदीदार माझा बहुतेक माल उचलत असे आणि ठरलेल्या मुदतीनंतर चार-चार महिने पैसे देत नसे. मी फोन केला की तो गोड बोलत असे, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात येत असे की आपण पैसे मागायला बसलो होतो आणि पुढच्या मालाचा दर कमी करून उठलो. आपल्याला माल चांगला करता येतो, पण समोरच्या माणसाच्या हातात काय आहे आणि आपल्या हातात काय आहे हे वाचता येत नाही, असे मला तेव्हा प्रकर्षाने जाणवले. एका उद्योजक प्रशिक्षण वर्गात या प्रकारच्या पुस्तकांची शिफारस झाली होती, म्हणून ती मागवली.

सर्वांत आधी मी ग्रीन यांचे पुस्तक वापरले, कारण ते वाचायला सर्वांत सोपे आहे. प्रत्येक नियमाला इतिहासातली गोष्ट जोडलेली असल्यामुळे मजकूर मनात राहतो. आपले हेतू लपवावेत हा त्यातला तिसरा नियम आहे, आणि तो मी गेल्या एप्रिलमध्ये शब्दशः अमलात आणला. मला त्या वर्षी किती रातांबे लागणार आहेत हे मी कोणालाच सांगितले नाही. रातांबे आणून देणाऱ्या दोन घरांना मी वेगवेगळे दर सांगितले, किलोमागे तीन रुपयांच्या फरकाने, आणि दोघांनाही ‘हा दर फक्त तुमच्यासाठी आहे, बाहेर बोलू नका’ असे बजावले. पहिले आठ दिवस ही युक्ती कामाची वाटली. नवव्या दिवशी त्या दोन्ही घरांतली माणसे एकाच लग्नात एका पंगतीला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांपैकी एका घरातल्या काकी खळ्यात आल्या. गेली बारा वर्षे त्या मला रातांबे देत आहेत. त्यांच्या डोक्यावर भरलेला हारा, म्हणजे मोठी टोपली, होती. तो हारा त्यांनी नेहमीप्रमाणे काट्यावर ठेवला नाही, खाली उतरवला, वरचे चार-पाच फुटलेले रातांबे बाजूला काढले, पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, “बाय, दर कमी दिलंस म्हणान राग नाय. माका येगळा नि तेका येगळा सांगलंस, ता बरा केलंस नाय.” हारा त्यांनी परत उचलला आणि त्या गेल्या. त्या आठवड्यात माझ्याकडे नेहमीच्या निम्म्याहूनही कमी फळ आले. रातांब्यांचा हंगाम थोडक्या दिवसांचा असतो, वळवाचा पाऊस आला की झाडावरचे फळ गळून चिखलात जाते, आणि त्यामुळे त्या एका आठवड्याचे नुकसान वर्षभर भरून निघाले नाही. मी काकींच्या घरी जाऊन माफी मागितली, तीन रुपयांचा फरक चुकता केला आणि त्यानंतर दर खळ्याच्या दारावर पाटीवर खडूने लिहू लागले.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि माझे मत असे झाले आहे की दोष केवळ माझ्या अंमलबजावणीत नव्हता. ग्रीन यांची उदाहरणे मुख्यतः राजदरबार, सेनापती, मुत्सद्दी आणि ठकसेन यांची आहेत. तिथे ज्याला फसवले तो पुष्कळदा देशोधडीला लागतो, मारला जातो किंवा पुन्हा भेटत नाही. शत्रूचा पुरता नायनाट करावा असा पंधरावा नियमच त्या पुस्तकात आहे. आमच्याकडे मात्र ज्याच्याशी आज घासाघीस केली त्याच्याच घरी गणपतीला जायचे असते, त्याच्याच होडीतले मासे घ्यायचे असतात आणि पुढच्या वैशाखात त्याच्याच झाडाचे रातांबे उतरवायचे असतात. जिथे तीच माणसे वर्षानुवर्षे भेटत राहतात, तिथे लपवलेला हेतू उघडा पडायला फक्त एक पंगत पुरते. तरीही हे पुस्तक निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. मुंबईच्या त्या खरेदीदाराने माझ्यावर कोणकोणते डाव वापरले होते ते मला या पुस्तकामुळे नावानिशी ओळखता आले. समोरच्याला आपल्यावर अवलंबून ठेवावे हा अकरावा नियम वाचताना तर मला माझ्याच विक्रीच्या वहीची पाने डोळ्यांसमोर दिसली. स्वतः डाव टाकण्यासाठी नको, पण आपल्यावर पडलेला डाव ओळखण्यासाठी ते जरूर वाचावे.

मॅकियाव्हेलीकडे मी भीत भीतच गेले, कारण त्याच्या नावाची ख्याती तशी आहे. फ्लॉरेन्समधली नोकरी गेल्यावर, तुरुंग आणि छळ सोसून बाहेर पडल्यावर, १५१३ च्या सुमारास त्याने हे पुस्तक लिहिले आणि ते छापले गेले १५३२ साली, त्याच्या मृत्यूनंतर. लोकांच्या प्रेमापेक्षा त्यांचे भय अधिक भरवशाचे, हे त्याचे म्हणणे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच सतराव्या प्रकरणात तो पुढे बजावतो की भय असले तरी द्वेष होऊ देऊ नये, आणि द्वेष टाळायचा असेल तर लोकांच्या मालमत्तेला हात लावू नये, कारण माणूस बापाचा मृत्यू विसरतो पण वडिलोपार्जित मिळकत गेलेली विसरत नाही. हा भाग मी दोनदा वाचला आणि मग आज्ञापत्र उघडले.

आज्ञापत्र हे आपल्या भाषेतले, आपल्या किनाऱ्याची माहिती असलेल्या माणसाने १७१५ च्या सुमारास सिद्ध केलेले राजनीतीचे पुस्तक आहे, आणि उद्योजकांसाठीच्या याद्यांत ते मला क्वचितच दिसते याची खंत वाटते. आरमारासाठी लाकूड लागते. आंब्या-फणसाचे लाकूडही त्या कामाचे आहे. तरी त्या झाडांना हात लावू देऊ नये, असे अमात्य लिहितात. कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, आणि ती तोडली तर रयतेच्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. फ्लॉरेन्सचा माणूस आणि आपले अमात्य, मध्ये दोनशे वर्षांचे अंतर, आणि दोघेही सत्तेची मर्यादा नेमकी इथेच आखतात. मला मात्र अमात्यांचे कारण अधिक मोलाचे वाटते, कारण मॅकियाव्हेली राजाच्या सुरक्षिततेसाठी थांबतो आणि अमात्य झाड वाढवणाऱ्याच्या कष्टांकडे पाहून थांबतात. काकींच्या परसातली रातांब्याची झाडे त्यांच्या सासऱ्यांनी राखलेली आहेत. तीन रुपयांची लपवाछपवी करताना मी नेमका कशाला हात लावला होता हे मला त्या परिच्छेदाने समजावून सांगितले. त्याच पुस्तकात साहूकारांना राज्याची शोभा म्हटले आहे आणि टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, किनाऱ्यावर पक्की जागा देण्याविषयी कडक इशारा दिला आहे. परका व्यापारी आधी माल घेतो, मग जागा मागतो आणि मग अटी घालतो, हे वाचताना मला माझा खरेदीदार आठवला.

आता अर्थशास्त्राविषयी. हा ग्रंथ शतकानुशतके हरवल्यासारखाच होता. म्हैसूरला मिळालेल्या हस्तलिखितावरून शामशास्त्रींनी तो १९०९ साली छापला. बहुतेक व्याख्याते त्यातले साम, दान, भेद, दंड तेवढे उचलतात. मला मात्र खरा उपयोग झाला तो दुसऱ्या अधिकरणाचा, जिथे कोठारे, वजने, मापे, खाणी आणि हिशेब यांची रुक्ष वाटणारी माहिती आहे. सरकारी द्रव्याचा अपहार करण्याचे चाळीस प्रकार कौटिल्याने तिथे नोंदवले आहेत. पाण्यात फिरणारा मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही, तसे कामावर नेमलेला माणूस पैसा केव्हा खातो हे कळत नाही, अशी उपमाही तिथेच आहे, आणि समुद्रकाठच्या माणसाला ती वेगळी समजावून द्यावी लागत नाही. हा भाग वाचून मी मिठाचा हिशेब तपासला. अमसुलांच्या कामात साली पुन्हा पुन्हा खारवलेल्या रसात बुडवून उन्हात वाळवायच्या असतात, त्यामुळे मीठ भरपूर लागते. वहीप्रमाणे शिल्लक असायला हव्या होत्या नऊ गोण्या, आणि प्रत्यक्षात होत्या सहा. कोणी चोरी केलेली नव्हती. नोंद रोजच्या रोज न होता शनिवारी आठवून होत होती, आणि आगळाच्या पिंपात हाताच्या अंदाजाने जास्त मीठ पडत होते. चाळीस प्रकारांच्या यादीत ठरलेल्या वेळी नोंद न करणे आणि माप चुकवणे हेही आहे, केवळ खिसा भरणे नाही, आणि मला त्या यादीचा फायदा झाला तो इथे.

वर्षाचे हिशेब आषाढात सादर व्हावेत असे कौटिल्य सांगतो. कोकणातल्या फळप्रक्रिया करणाऱ्याला याहून योग्य महिना सापडणार नाही: फळ संपलेले असते, बाहेर पाऊस कोसळत असतो, बायका शेतात लावणीला गेलेल्या असतात आणि घरात वही घेऊन बसायला वेळ असतो. करासाठी मार्चअखेर पाळावीच लागते, पण धंदा समजून घेण्याची माझी वर्षअखेर आता आषाढात असते.

त्याच आषाढात मी कौटिल्याने सांगितलेली राज्याची सात अंगे एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिली: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड, मित्र. प्रत्येकापुढे माझ्या धंद्यात काय आहे ते लिहीत गेले. जनपदापुढे वाड्या आणि कामगार बायका आल्या. दुर्गापुढे बराच वेळ काही सुचेना. शेवटी सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाला मिळालेले भौगोलिक मानांकन लिहिले, आणि तो किल्ला माझ्या एकटीचा नसून सगळ्यांचा सामाईक आहे हेही लिहिले. कोशापुढे येणे बाकी मांडली तेव्हा दहा रुपयांतले सात रुपये एकाच माणसाकडे अडकलेले दिसले. मित्रापुढची जागा रिकामी राहिली. माझ्या दुबळेपणाचे कारण बोलण्यातले कच्चेपण आहे असे मी वर्षभर समजत होते. ते कारण या कागदावर वेगळेच निघाले.

मित्राच्या त्या रिकाम्या जागेविषयी मात्र मला कौटिल्याशी असहमती नोंदवायची आहे. त्याच्या मंडलाच्या विचारानुसार सीमेला लागून असलेला राजा हा स्वभावतः शत्रू आणि त्याच्या पलीकडचा मित्र. माझ्या शेजारच्या गावातही आगळ काढणारा एक कारखाना आहे आणि त्यांचा दर माझ्यापेक्षा कमी असतो. मे महिन्याच्या शेवटी अचानक पाऊस सुरू झाला तेव्हा माझ्या खळ्यात तिसऱ्या पुटाची साल पसरलेली होती आणि आमचे वाळवणी यंत्र बंद पडले होते. मी फोन केला. त्या दादांनी रात्री साडेनऊ वाजता आपला टेम्पो पाठवला आणि त्यांच्या यंत्राच्या ट्रेमधला स्वतःचा माल उतरवून माझा लावला. आज आम्ही बाटल्या आणि मीठ एकत्र मागवतो. राज्यांच्या सीमेसाठी मंडलाचा विचार बरोबर असेल, पण एकाच पावसाखाली धंदा करणाऱ्यांना तो लावू नये.

सून त्झूविषयी थोडक्यात सांगते. लांबलेल्या युद्धाने कोणत्याही राज्याचे भले झालेले नाही, हे त्याचे दुसऱ्या प्रकरणातले म्हणणे मला दर पाडण्याच्या चढाओढीतून वेळीच बाहेर काढायला पुरेसे ठरले. बाकीचा बराच भाग सैन्य, भूप्रदेश आणि हेर यांचा आहे, आणि त्याचा ओढूनताणून अर्थ लावण्यात मला रस वाटला नाही.

थकलेल्या बिलाचे काय झाले, हे सांगायला हवे. त्या बाबतीत शेवटी जे शस्त्र हाती आले ते या पाचांपैकी एकाही पुस्तकात नव्हते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला पैसे देण्यासाठी करारानेही ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठरवता येत नाही, आणि त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. २०२३ च्या वित्त कायद्यानंतर मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून वजाही करता येत नाही. माझी उद्यम नोंदणी आधीपासून होती. तिचा क्रमांक मी बिलावर छापत नव्हते एवढेच. सप्टेंबरमध्ये मी तो छापायला सुरुवात केली आणि खरेदीदाराला या दोन तरतुदींचा उल्लेख असलेले साधे, सौम्य भाषेतले पत्र पाठवले. दिवाळीपूर्वी दोन हप्त्यांत मुद्दल आले. व्याज मी मागितले नाही. तो निर्णय माझा होता आणि त्यावर वाद होऊ शकतो. पण ते पत्र लिहिण्याचे धैर्य आले कॅलेंडरच्या पाठीवरच्या त्या सात ओळींमुळे, कारण तोपर्यंत मी पुणे, कोल्हापूर आणि बेळगाव इथे तीन लहान खरेदीदार जोडले होते आणि तो तुटला तरी धंदा बंद पडणार नव्हता.

ज्यांना ही पुस्तके घ्यायची आहेत त्यांनी अर्थशास्त्राचे दुसरे अधिकरण आधी वाचावे, तेही स्वतःची साठ्याची वही शेजारी उघडी ठेवून. आज्ञापत्र दोन संध्याकाळींत वाचून होते. भाषा जुनी आहे, पण मोठ्याने वाचली की कळते. ‘प्रिन्स’ आणि सून त्झू त्यानंतर. ग्रीन यांचे पुस्तक धंद्याला पाच-सात वर्षे झाल्यावर, देणेकरी आणि घेणेकरी दोन्ही बाजू अनुभवल्यावर हातात घ्यावे. धंदा सुरू करणाऱ्या मुलांच्या हाती ते पहिले पुस्तक म्हणून पडू नये असे मला मनापासून वाटते. गेल्या महिन्यात आमच्या वाडीतला एक मुलगा, जो सुक्या मासळीच्या चटण्यांचा धंदा उभा करतो आहे, ते मागायला आला होता. त्याला मी आज्ञापत्र दिले आणि मिठाच्या हिशेबाची माझी वही दाखवली. या वर्षीचा रातांब्यांचा दर पाटीवर लिहिण्याआधी काकींना आणि त्या दुसऱ्या घराला एकत्र बोलावले आहे. येत्या रविवारी त्या येणार आहेत.