मॉडेल रेल्वेच्या लेआउटवरची पहिली इमारत : मेटकाफची पुठ्ठ्याची घरे

रूळ टाकून झाले, गाडी विनातक्रार फिरू लागली, की थोड्याच दिवसांत प्लायवूडचा उघडा फळा डोळ्यांना खुपू लागतो आणि इमारतींचा शोध सुरू होतो. बहुतेक नवखे हौशी या टप्प्यावर थेट मोठ्या स्थानकाची इमारत घ्यायला निघतात. माझे मत याच्या उलट आहे. पहिली इमारत लहान असावी, हात बसेपर्यंत बिघडली तरी हळहळ वाटू नये इतपत स्वस्त असावी आणि लेआउटच्या (फळ्यावर मांडलेल्या छोट्या रेल्वेच्या) मागच्या कडेला बसणारी असावी. या तिन्ही कसोट्यांवर ब्रिटनमधील मेटकाफ मॉडेल्स या कंपनीची ‘लो रिलीफ’ प्रकारची रांगघरे मला सर्वांत चांगली वाटतात.

मेटकाफ ही यॉर्कशरमधल्या स्किप्टनजवळची कंपनी असून छापील, रंगीत आणि आधीच साच्याने कापलेल्या पुठ्ठ्याच्या किटसाठी (जोडून बांधायच्या सुट्या भागांच्या संचांसाठी) ती ओळखली जाते. ‘लो रिलीफ’ म्हणजे घराची फक्त पाहणाऱ्याला दिसणारी बाजू आणि तिच्यामागे काही सेंटिमीटरची खोली. उरलेली बाजू लेआउटच्या पार्श्वचित्राला टेकवायची असल्यामुळे ती बनवावीच लागत नाही. उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांत दिसणारी लाल विटांची किंवा दगडाची एकसलग घरे यात मिळतात, आणि त्यांच्या पुढच्या व मागच्या बाजूंची किटे वेगवेगळी विकली जातात. पुढची बाजू अधिक नीटनेटकी दिसते म्हणून पुष्कळ जण तीच उचलतात. पण रेल्वेचा रूळ सहसा घरांच्या परसाकडून जातो, हे विसरू नये. दादर-परळच्या पट्ट्यात लोकलच्या खिडकीतून जशा चाळींच्या पाठी, वाळत घातलेले कपडे आणि नळाचे पाइप दिसतात, तसेच लीड्स-ब्रॅडफर्डकडे परसातल्या भिंती आणि जोडखोल्या दिसतात. म्हणून मागच्या बाजूचे किट घेणे हेच रेल्वेच्या दृष्टीने खरे.

पाकीट घेण्यापूर्वी प्रमाण तपासावे. ब्रिटनमधले ‘ओओ’ प्रमाण 1:76 (मूळ वस्तूच्या 76 पट लहान) असते, तर युरोप-अमेरिकेत रूढ असलेले ‘एचओ’ 1:87. दोन्हींच्या रुळांमधले अंतर मात्र 16.5 मिलिमीटरच असल्यामुळे नवखा माणूस सहज फसतो. दोन मीटर उंचीचे दार ओओमध्ये साधारण 26 मिलिमीटरचे आणि एचओमध्ये 23 मिलिमीटरचे होते. हा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण दाराशेजारी माणसाची प्रतिकृती उभी केली की लगेच कळतो. ओओच्या गाडीमागे दूरवर एचओची इमारत ठेवली तर ती लांबची वाटून दृश्याला खोली येते. उलट एचओच्या गाडीमागे ओओचे घर उभे केले तर गाडीच खुजी दिसू लागते. मेटकाफची किटे ओओ आणि त्याहून बरेच लहान ब्रिटिश एन (1:148) या प्रमाणांत असल्यामुळे, ज्यांच्याकडे जर्मन किंवा अमेरिकन एचओ इंजिने आहेत त्यांनी हा विचार आधीच करावा. कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून ज्यांना हा छंद लागला, त्यांनी तिथे पाहिलेला लेआउट एचओचा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

आता प्रत्यक्ष बांधणी. पुठ्ठ्याच्या तावातले सुटे भाग बारीक दुव्यांनी चौकटीला धरलेले असतात. ते हाताने ओढून काढले तर छापील थर सोलला जातो, म्हणून नव्या पात्याच्या कटरने प्रत्येक दुवा कापावा आणि उरलेला खुंट बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासावा. सूचना बहुतांशी आकृत्यांच्या रूपात आणि क्रमवार असल्याने इंग्रजी फारसे आड येत नाही. घड्यांच्या रेषा आधीच दाबलेल्या असतात. तरीही पोलादी पट्टीला टेकवून घडी घातली तर कोपरा काटकोनात बसतो.

या किटचे यशापयश ज्या एका गोष्टीवर ठरते ती मात्र पाकिटात नसते. पुठ्ठा कापला किंवा दुमडला की त्याची कच्ची, फिकट कड उघडी पडते आणि विटांच्या लाल भिंतीला कोपऱ्याकोपऱ्यावर पांढुरकी रेघ दिसू लागते. छायाचित्रात तर दुसरे काही दिसतच नाही. गोंद लावण्यापूर्वी, भाग सुटे असतानाच, प्रत्येक कड रंगवून घ्यावी: विटांसाठी तपकिरी-तांबडी, छपराच्या पाट्यांसाठी करडी. यासाठी पाण्यात विरघळणारी रंगीत पेन्सिल मला स्केचपेनपेक्षा उजवी वाटते, कारण स्केचपेनची शाई पुठ्ठ्यात पसरून छापील बाजूवर डाग उमटवते. कोणती छटा जुळते हे भाग काढून झाल्यावर उरलेल्या चौकटीवरच करून पाहता येते. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते केलेले घर आणि न केलेले घर एकाच किटचे आहे हे सांगूनही पटत नाही.

गोंद साधा फेव्हिकॉल चालतो, मात्र तो दातकोरणीच्या टोकाने आणि अगदी पातळ लावावा. पाण्याचा अंश जास्त झाला की पुठ्ठा वाकतो. खिडक्यांच्या पारदर्शक प्लास्टिकला झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद लावू नये, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. धुराड्यांच्या टोप्यांसाठी कागदाची पट्टी घट्ट गुंडाळावी लागते. सबंध किटमध्ये हाताची परीक्षा पाहणारा भाग हाच. आत दिवा लावायचा असेल तर भिंती उभ्या करण्यापूर्वीच त्यांची आतली बाजू काळ्या रंगाने रंगवावी, नाहीतर छोटासा एलईडीसुद्धा विटांमधून झिरपतो. खोल्यांमध्ये पुठ्ठ्याचे आडपडदे टाकून एखाद-दुसऱ्याच खिडकीत उजेड ठेवला तर घर राहते वाटते.

उणिवाही आहेतच. विटा छापलेल्या असल्यामुळे त्यांना उठाव नाही, आणि जवळून पाहिले की भिंत सपाट भासते. म्हणूनच ही घरे मागच्या कडेला शोभतात. पुढे, फलाटाच्या शेजारी ती ठेवू नयेत. तिथे प्लास्टिकचे किट सरस ठरते. इंग्लंडमधल्या ओकम येथील सिग्नल केबिनवरून एअरफिक्स कंपनीने काढलेले आणि आता डापोल ही कंपनी विकत असलेले किट त्यासाठी उत्तम आहे, पण त्याला रंगकाम करावे लागते आणि त्याचा विरघळवून चिकटवणारा गोंद चुका पोटात घालत नाही. जर्मनीतल्या ग्यूटेनबाख येथील फालर कंपनीची एचओ किटे रंगीत प्लास्टिकची आणि जुळणीत निर्दोष असतात. त्यांतली लाकडी चौकटींची घरे मात्र इंग्रजी गाडीमागे परकी दिसतात. हॉर्नबीची स्केलडेल किंवा बाकमनची सीनक्राफ्ट ही मालिका तयार इमारतींची आहे. पेटीतून काढली की ठेवली, पण त्यातून हात काहीच शिकत नाही.

आपल्याकडे मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरले तर स्वस्ताई बरीचशी विरते, त्यामुळे दोघा-तिघांनी मिळून मागवणे बरे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, लांब भिंती कमान घेतात आणि कसर लागण्याची भीती राहते. आतून आडवे-उभे टेकू लावावेत आणि बाहेरून मॅट वॉर्निशचा हलका फवारा मारावा. भारतीय लेआउट करणाऱ्यांनी ही रांगघरे घेऊ नयेत, कारण लोणावळ्याच्या फलाटामागे धुराड्यांची रांग विसंगतच दिसेल. त्यांना मेटकाफचीच दगडी मालशेड किंवा इंजिनशेड अधिक जवळची वाटेल, कारण जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या काळातल्या आपल्याकडच्या दगडी शेडही ब्रिटिश धाटणीच्याच होत्या. त्यांवर मंगळुरी कौले आणि पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत स्थानकाचे नाव एवढे बदल केले तरी पुष्कळ काम भागते.

तयार घर फळ्यावर ठेवताना पायाखाली फट राहू देऊ नये, अन्यथा ते तरंगल्यासारखे दिसते. भिंतीच्या बुडाशी बारीक वाळू आणि कृत्रिम गवताची ओळ चिकटवावी. जागा कमी असली तरी पहिल्या खेपेला एन प्रमाण टाळावे. तिथे दोन मीटरचे तेच दार जेमतेम साडेतेरा मिलिमीटरचे असते, आणि धुराड्याची टोपी तर चिमट्याशिवाय उचलताही येत नाही.